लेपर्ड गेकोची अंडी आणि माझं चुकलेलं उत्तर



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलाने वर्गात आगपेटी आणली होती. उघडून पाहिली तर आत कापसावर दोन पांढरीशुभ्र अंडी, वाटाण्याएवढी. घराच्या रंगकामासाठी आजोबांचा फोटो भिंतीवरून खाली काढला, त्याच्यामागे सापडली म्हणाला. पालीची अंडी होती. निम्मा वर्ग "ई ऽऽ" करत मागे सरकला आणि निम्मा पुढे आला.

"मॅडम, यातून पिल्लं निघतील का?"

मी जराही विचार न करता सांगून टाकलं, "निघतील की! उबेत ठेव आणि दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवत जा. कोंबडी नाही का अंडी फिरवत?"

मुलगा गुणी. त्याने दोन महिने इमानेइतबारे अंडी फिरवली. पिल्लं काही निघाली नाहीत. मी म्हटलं, "पोकळ असतील रे," आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. माझं उत्तर चुकीचं होतं हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं, तेही चौदा वर्षांच्या माझ्या पुतणीकडून. आजचा लेख त्याबद्दल आहे. अंडं, उबवण, नर-मादी हे विषय आपण प्राथमिकपासून शिकवतो आणि प्रत्येक वेळी उदाहरण कोंबडीचं देतो. कोंबडीचा नियम सगळ्या अंड्यांना लावला की कशी फसगत होते ते एका वेगळ्या प्राण्याच्या अंड्यांवरून पाहू.

लेपर्ड गेको म्हणजे कोण?

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलीने दोन लेपर्ड गेको पाळल्या आहेत, एक नर आणि एक मादी. लेपर्ड गेको ही आपल्या पालीची लांबची नातलग. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून नावात बिबट्या. लांबी साधारण वीतभर. एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये हिचं शास्त्रीय वर्णन केलं. मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ मुलूख.

आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिला मात्र पापण्या असतात, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते आणि झोपेत हसल्यासारखी दिसते. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून भिंतीवर चढता येत नाही. शेपूट जाडजूड असतं, त्यात चरबी साठवलेली. उंटाला मदार तसं हिला शेपूट! अमेरिकेत आणि युरोपात ही पाल पिढ्यानपिढ्या माणसाच्या घरातच वाढवली गेली आहे आणि मुलं ती सशासारखी पाळतात.

हिच्या नात्यातल्या पाली महाराष्ट्रातही आहेत बरं का. एक जात गुजरात आणि महाराष्ट्राच्या कोरड्या भागात राहते. दुसरी सातपुड्यातली, तिचं वर्णन तर अगदी अलीकडे, २०१४ मध्ये झालं. या रात्री हिंडणाऱ्या पाली खेड्यापाड्यांत दिसल्या की विषारी समजून ठेचल्या जातात. त्या अजिबात विषारी नाहीत. वर्गात एवढं एक वाक्य सांगितलंत तरी दोन-चार जीव वाचतील.

अंडी घालण्यापासून डब्यापर्यंत

मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. एका हंगामात अशा बऱ्याच जोड्या होतात. आपल्या पालीचीही दोनच असतात, आगपेटीतली आठवा. पण फरक कवचात आहे. घरातल्या पालीच्या अंड्याचं कवच चुन्याचं, कडक आणि ठिसूळ असतं. लेपर्ड गेकोच्या अंड्याचं कवच मऊ, ओलसर चामड्यासारखं. अंडं अडीच-तीन सेंटिमीटर लांब. अशा अंड्याला बाहेरून पाणी शोषून घ्यावं लागतं. त्यामुळे मादी ओलसर जागा शोधून तिथे उकरते आणि अंडी पुरून टाकते. पुतणीने त्यासाठी पिंजऱ्यात झाकणाला भोक पाडलेला एक डबा ठेवला होता, आत ओलं शेवाळ.

मे महिन्यात पहिली जोडी आली. दोन्ही अंडी पिवळट, पिचकी. आठवड्याभरात बुरशी धरली, फेकून द्यावी लागली. ती फळलेलीच नव्हती. पोर हिरमुसली. मग २० मे रोजी दुसरी जोडी आली, पांढरी आणि टणटणीत.

आता उबवण. कोंबडी अंड्यांवर बसते, लेपर्ड गेको बसत नाही. तिचं अंग गार, ती ऊब देणार कुठून? अंडी पुरली की आईचं काम संपलं, पुढचं सगळं जमिनीची ऊब करते. घरात जमिनीचं काम डब्याला आणि उबवणयंत्राला करावं लागतं. पुतणीने एका प्लास्टिकच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट घेतलं. रोपवाटिकेत मिळतं ते, तापवून फुलवलेलं अभ्रकासारखं हलकं खनिज. त्यात त्याच्याच वजनाइतकं पाणी घालून कालवलं. मूठ वळली की गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, असा अंदाज. मोदकाच्या उकडीचा अंदाज ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. अंगठ्याने दोन खळगे केले, अंडी निम्मी आत निम्मी बाहेर ठेवली, झाकणाला दोन बारीक भोकं पाडली. पाणी कमी पडलं तर अंड्याला खड्डा पडतो, जास्त झालं तर अंडं कुजतं.

आणि या सगळ्याच्या आधी, अंडी उचलतानाच, तिने प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने एक हलकी फुली मारली.

व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "फुली कशाला गं?"

"आत्या, म्हणजे वरची बाजू वरच राहील ना. अंडं अजिबात फिरवायचं नसतं, पिल्लू मरतं आतमध्ये."

मला आगपेटी आठवली.

फिरवायचं की नाही फिरवायचं?

कोंबडीचं अंडं वाटीत फोडा. बलकाच्या दोन्ही बाजूंना पांढरट, पिळदार दोरीसारखं काहीतरी दिसतं. पुष्कळांना ते घाण वाटतं आणि चमच्याने काढून टाकतात. त्या दोऱ्या बलकाला अंड्याच्या मध्यावर टांगून धरतात. अंडं कसंही फिरलं तरी बलक आत हळूच वळतो आणि वाढणारा जीव वरच्या बाजूला राहतो. उलट कोंबडीचं अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर तो जीव आतल्या पापुद्र्याला चिकटून बसण्याची भीती. म्हणून कोंबडी चोचीने अंडी फिरवते. उबवणयंत्रात २१ दिवसांपैकी अठराव्या दिवसापर्यंत ती फिरवतात, मग थांबतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात या दोऱ्या नसतात. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरातच आतला इवलासा जीव वरच्या बाजूला, कवचाच्या आतून जागा पकडतो. तिथून त्याच्या रक्तवाहिन्या कवचाखाली जाळ्यासारख्या पसरतात आणि कवचातून हवा घेतात. आता हे अंडं उलटं केलं तर काय होईल? बलकाचा सगळा भार त्या जीवावर येतो, नाजूक जाळं तुटतं. कोंबडीच्या पिल्लाला जे जगवतं तेच याला मारतं.

तुमच्या वर्गात हे समजावण्यासाठी गेकोची गरज नाही. एक कोंबडीचं अंडं वाटीत फोडा, त्या दोऱ्या मुलांना दाखवा आणि विचारा, "या नसत्या तर?" माझ्या वर्गात एका मुलीने लगेच उत्तर दिलं होतं, "मग बलक खाली आपटला असता." आणखी काय हवं!

तो आगपेटीवाला मुलगा आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत त्याला बोलावून मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, ती मी मारली?" मी म्हटलं, "नाही रे, तू सांगितलेलं केलंस. सांगणारीचं चुकलं." खरं तर फोटोमागून काढणं, आगपेटीत हिंदकळणं, कोरडा कापूस, यातल्या कशानेही ती मेली असतील. पण फिरवायला मीच लावलं होतं, आणि वर त्यांना पोकळ ठरवलं होतं.

नर की मादी, कोण ठरवतं?

आता खरी गंमत. पुतणीने उबवणयंत्र २८ अंश सेल्सिअसवर लावलं होतं. मी विचारलं, हाच आकडा का? ती म्हणाली, "मला मुली हव्यात." दोन नर एका घरात ठेवले तर जीव घेईपर्यंत भांडतात, आणि तिच्या बाबांनी तिसरी काचपेटी घ्यायला साफ नकार दिला होता.

आपण वरच्या वर्गांत शिकवतो की आईकडून एक्स गुणसूत्र येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय, आणि त्यावर मुलगी की मुलगा ते ठरतं. माणसाच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर. लेपर्ड गेकोमध्ये मात्र नर-मादी ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. अंडं घातलं तेव्हा आतला जीव नरही नसतो आणि मादीही नसते. उबवणीच्या मधल्या काळात त्याला जी ऊब मिळते तिच्यावर ते ठरतं. २६ अंशाच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या. ३० अंशांवर थोडे नर दिसू लागतात. साडेबत्तीसच्या सुमारास नरांची बहुसंख्या. आणि ३४ अंशांवर पुन्हा बहुतेक माद्या! म्हणजे थंडीत मादी, उष्णतेत नर असा सरळ हिशेबही नाही. मधेच नर आणि दोन्ही टोकांना माद्या.

हे होतं कसं? सुरुवातीला अंडाशय आणि वृषण यांचा कच्चा माल एकच असतो. त्याची पुढची वाट संप्रेरकांवर अवलंबून. शरीरात एक विकर असतं, ते नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर करतं. तापमानानुसार हा कारखाना कमी-जास्त चालतो, आणि त्याप्रमाणे अवयव घडतात.

सरड्यांमध्ये ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती १९६६ मध्ये. मादलेन शार्निए या संशोधक बाईंनी आफ्रिकेतल्या आगामा सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानाला उबवून पाहिली होती. पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांनी लेपर्ड गेकोवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं की जास्त उबेत उबवलेल्या माद्या कमी उबेतल्या माद्यांपेक्षा जास्त भांडखोर निघतात. म्हणजे अंड्यातल्या ऊबेचा परिणाम स्वभावापर्यंत जातो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मगर घ्या. चेन्नईजवळच्या मगर-केंद्रातल्या अंड्यांवर १९८० च्या दशकात असाच अभ्यास झाला. एकसारख्या २८ ते ३१ अंशांत फक्त माद्या निघाल्या, साडेबत्तीसला फक्त नर. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना तुम्ही पाहिली असतील. त्या अंड्यांचंही तसंच, फक्त नियम वेगळा: वाळू गार तर नर, गरम तर माद्या. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली होती की ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आहेत. वाळू तापत चालली की पुढे नर आणायचे कुठून? पृथ्वी एक-दोन अंशांनी तापली तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्या मुलाला एवढं उदाहरण पुरतं.

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यायलाच हवी. मी हा भाग वर्गात सांगितला त्याच संध्याकाळी एका आईचा फोन आला. मुलीने घरी जाऊन सांगितलं होतं, "गरम असलं की मुलगा होतो, मॅडम म्हणाल्या." आधीच आपल्याकडे अमुक खाल्लं की गरम पडतं, तमुक खाल्लं की थंड पडतं, आणि त्याने म्हणे मुलगा-मुलगी होते, या समजुती कमी आहेत का? मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं अजून आहेत. म्हणून हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: माणसाच्या बाळाचं लिंग ऊब, अन्न, ऋतू यांपैकी कशानेही ठरत नाही. ते गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, आणि वडिलांकडून कोणतं गुणसूत्र आलं त्यावर ठरतं. आधी माणसाचं सांगा, मग गेकोचं. मी उलट क्रमाने सांगितलं, तिथेच घोळ झाला.

पिल्लू बाहेर येताना

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून माझा वर्ग त्या दोन अंड्यांचा हिशेब ठेवत होता. पुतणी आठवड्याला एक फोटो पाठवायची. अंधारात अंड्यामागे छोटी बॅटरी धरली की आत गुलाबी उजेड आणि लाल रेषांचं जाळं दिसायचं. पोकळ अंड्यात नुसता पिवळा उजेड दिसतो. मुलांना तो फोटो इतका आवडला की कोणीतरी फळ्याच्या कोपऱ्यात "दिवस २७" असं लिहिलं आणि मग रोज आकडा बदलायची पाळी लागली. २६ अंशांवर ही अंडी दोन महिन्यांच्या वर वेळ घेतात, ३२ वर साधारण दीड महिन्यात उरकतात.

पंचावन्नाव्या दिवशी अंडी आक्रसली, त्यांच्यावर घामासारखे थेंब आले. सुरुवातीला खड्डा पडला तर तो कोरडेपणाचा. शेवटी पडला तर ती पिल्लू येण्याची खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. तिकडे रात्रीचे नऊ.

"आत्या, एकाने नाक बाहेर काढलंय, पण तीन तास झाले, पुढे काहीच नाही. बाबा म्हणतो कात्रीने थोडं कापू या का?"

मला यातलं काही अनुभवाने माहीत नव्हतं. पण एकदा नको तिथे हात लावायला सांगून झालं होतं. मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात काय दिलंय?" तिने वाचून दाखवलं. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी बारीक दात असतात, त्यांनी ते कवच चिरतं. चिरल्यावर मात्र लगेच बाहेर येत नाही. कित्येक तास तसंच डोकं टेकून बसतं. त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेणं चालू असतं. आपण घाईने बाहेर ओढलं तर बलकाची पिशवी बाहेरच राहते, रक्तस्राव होतो आणि पिल्लू जातं.

"मग कात्री ठेव," मी म्हटलं. भाऊ मागून कुरकुरत होता.

मी शाळेत गेले तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटली होती. तिसऱ्या तासाला फोटो आला: बोटाएवढं पिल्लू, आठेक सेंटिमीटर, अंगावर ठिपके नाहीतच, गडद आणि पिवळे आडवे पट्टे. ठिपके मोठेपणी येतात. दुसरं पिल्लू त्यांच्या दुपारी बाहेर आलं. जवळ गेलं की एवढासा जीव चक्क किंचाळतो, शत्रूला भिववायला. पहिले काही दिवस ती खात नाहीत, पोटातला बलक पुरतो. पहिली कात टाकली की मग बारीक किडे.

शाळेत काय करता येईल?

गेको आणू नका. रानातली पाल पकडून घरात ठेवणं तर कायद्यानेही अडचणीत आणणारं आहे, आणि प्रयोग म्हणून एखादा जीव वीस-पंचवीस मुलांच्या हातात देणं मला पटत नाही. त्याऐवजी शाळेतच ट्यूबलाइटमागे, फळ्यामागे, जुन्या कपाटाच्या सांध्यात पालीची अंडी शोधा. सापडली की हात लावायचा नाही. बाजूला तारीख लिहा, शेजारी खोलीचा तापमापक टांगा आणि रोज एका मुलाने नोंद करायची. झाडूवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, आमची एक जोडी तशीच गेली. पिल्लं निघून गेल्यावर उरलेलं कवच भिंगाखाली पाहायला मिळतं. कवच हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांबरोबर साल्मोनेला हे जंतू येऊ शकतात.

आमच्या वर्गातली दुसरी जोडी चाळीस दिवसांवर गेली आहे. कोणीही ती फिरवलेली नाही.

आणि हो, पुतणीच्या पिल्लांचं. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, काही महिने थांबावं लागतं. नराच्या मागच्या पायांमध्ये, पोटाच्या बाजूला, बारीक छिद्रांची उलट्या व्ही सारखी रांग दिसू लागते. जानेवारीत तिने फोटो पाठवला. एकीची रांग पुसट, ती मादी. दुसऱ्याची ठळक. २८ अंशांवरही थोडे नर निघतातच, शिवाय तापमापकाची काडी डब्याच्या आत न ठेवता बाहेर ठेवली होती हे तिने मागाहून कबूल केलं. भावाने तिसरी काचपेटी घेतली.